दिवाणाची उतरती भाजणी

दिवाण हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा जुना अर्थ नोंदवही असा आहे. सातव्या शतकात अरबांनी जिंकलेल्या मुलखातल्या सैनिकांचा तनखा ज्या वहीत मांडला जाई, ती वही म्हणजे दिवाण. पुढे ती वही जिथे ठेवत ती कचेरी दिवाण झाली, कचेरीचा मुख्य अधिकारी दिवाण झाला, राजा कारभाऱ्यांसह बसे ती जागा दिवाण झाली आणि त्या जागेत भिंतीलगत घातलेली लांब बैठकही दिवाण झाली. कवीच्या गझलांचा संग्रह तोही दिवाणच. सध्या महाराष्ट्रात दिवाण म्हणजे सहा फूट बाय तीन फुटांची, प्लायवूडची, पोटात सामान भरायची सोय असलेली खाट.

या शब्दाची एक जुनी कथा सांगतात. इराणच्या बादशहाने आपले कारकून एकटेच आकडे पुटपुटत बसलेले पाहिले आणि तो उद्गारला, ‘दिवाने!’ म्हणजे वेडे. त्यावरून कचेरीला दिवाण नाव पडले. भाषेचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत. वीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेतलेले लोक मात्र ती सहज मानतात.

मोगलांनी दिवाणाचे दोन भाग केले. १६३९ ते १६४८ या काळात बांधलेल्या दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास अशा दोन वेगळ्या इमारती आहेत. पहिलीत रयतेची गाऱ्हाणी ऐकायची, दुसरीत निवडक लोकांशी खलबते करायची. खास याचा अर्थ खासगी एवढाच. झोपायची जागा असा नव्हे. पुढे सुभ्याचा सारा गोळा करण्याच्या अधिकाराला दिवाणी म्हणू लागले. बंगाल, बिहार आणि ओरिसा यांची दिवाणी १७६५ साली इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती गेली आणि बाकीचा हिंदुस्थान कसा गेला ते शाळेच्या पुस्तकात आहे. त्या काळच्या दिवाणावर तीन प्रांत मावत होते. आताच्या दिवाणावर तीन पाहुणे मावतात, तिसरा सडपातळ असेल तर.

मराठी मुलखात हा शब्द वाड्यात रुळला. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली आणि बहुधा वरच्या मजल्यावर दिवाणखाना. सुरूच्या घाटाचे लाकडी खांब, त्यांच्यामध्ये महिरपी, छताला हंड्या-झुंबरे, खाली बैठक आणि लोड-तक्के. सोयरिकी येथे जुळत, कर्जे येथे ठरत, भावकीची भांडणे येथे मिटवली जात किंवा नव्याने लावून दिली जात. झोपत मात्र येथे कोणी नसे. आजारी माणसाला माजघर होते, बाळंतिणीला तिची खोली होती, म्हाताऱ्यांना ओसरीवरचा कोपरा होता. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला आणि १८२८ च्या आगीत आतून जळून गेला. तट, दरवाजे आणि जोती राहिली. वाटाडे रिकाम्या जोत्याकडे बोट दाखवून ‘इथे दिवाणखाना होता’ असे सांगतात. नव्या गृहसंकुलातला विक्री प्रतिनिधी रिकाम्या प्लॉटकडे बोट दाखवून तेच वाक्य भविष्यकाळात म्हणतो.

खाना म्हणजे जागा. जामदारखाना, फरासखाना, मुदपाकखाना, पिलखाना, तोफखाना अशी ही मोठी भावकी आहे. तिच्यात दिवाणखाना सर्वांत वर आणि पायखाना सर्वांत खाली होता. इतका खाली की त्याला घरात जागाच नव्हती, परसदारी भिंतीच्या कडेला त्याची सोय असे. आज हा क्रम पूर्ण उलटला आहे. घराचा मान आता पायखान्यांच्या संख्येवरून ठरतो. एक असेल तर घर साधे, दोन असतील तर बरे, आणि त्यातला एक झोपायच्या खोलीला जोडलेला असेल तर ती खोली ‘मास्टर’ होते. आत झोपणारा मास्टर हप्ता चुकू नये म्हणून रात्री दचकून उठतो, ही बाब वेगळी. पायखान्याला इटालियन धाटणीची फरशी आणि छतात लपवलेले दिवे मिळाले. दिवाणखान्याच्या छताच्या हंड्या तेवढ्या गेल्या. त्यातली एक खानावळीत सापडते. ‘व्हेज दिवाणी हंडी’ या नावाने ती टेबलावर येते आणि तिच्यात फ्लॉवर असतो.

दिवाणी हा शब्द न्यायालयाने जपला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने दाव्यांना शिस्त लावली, वेग लावला असा आरोप तिच्यावर कोणी करत नाही. येथे वाड्याची आणि शब्दाची गाठ पुन्हा पडते. वाडा पणजोबांच्या नावावर. वारस भरपूर. दिवाणखान्यावर हक्क प्रत्येकाचा, गळक्या कौलांवर कोणाचाच नाही. दावा उभा राहतो, तारखा पडतात, वादी वारतो, त्याची मुले वादी होतात, आणि एका पावसाळ्यात निकालाआधी भिंत पडते. मग पांढऱ्या बुटांचा एक गृहस्थ येतो, सगळ्यांना चहा पाजतो आणि न्यायालयाला दोन पिढ्यांत जमले नाही ते एका बैठकीत मिटवतो. ज्या दिवाणखान्यासाठी भाऊ भावाच्या मयताला गेला नाही, त्याच्या बदल्यात प्रत्येकाला एकेक फ्लॅट मिळतो आणि त्यात प्रत्येकी एक दिवाण.

फ्लॅटमध्ये त्या जागेचे नाव हॉल. चाळीत तिला बाहेरची खोली म्हणत आणि तिथे कोणाची फसवणूक नव्हती. खोली होती आणि ती बाहेरच्या बाजूला होती. हॉल शब्दात लग्न लावण्याइतकी जागा सूचित होते. जाहिरातीला तेवढ्यानेही भागेना, म्हणून अडगळीतला दिवाणखाना पुन्हा बाहेर काढण्यात आला आणि त्याला ‘राजेशाही’ हे विशेषण जोडले गेले. नमुना म्हणून दहा फूट बाय अकरा फुटांचा राजेशाही दिवाणखाना घ्यावा. अशी मापे कोणत्याही नकाशावर सापडतात. क्षेत्रफळ ११० चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दोन खोल्यांच्या घरातली मोठी खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांची असावी लागते. म्हणजे संहितेला जी माणसाच्या राहण्याची शेवटची पायरी वाटते, तिच्या वर आठ चौरस फूट चढले की राजेशाही सुरू होते. या आठ चौरस फुटांत मुख्य दरवाजा आत उघडतो. चपलांचे कपाट त्याच्यामागे असते, त्यामुळे तो पूर्ण उघडत नाही. समोरच्या भिंतीत गॅलरीचा दरवाजा, डावीकडे स्वयंपाकघराची वाट, तिच्याशेजारीच मास्टरकडे जाणारी वाट. चार भिंतींपैकी एकच धड उरते. तिच्यावर टीव्ही लावला तर दिवाण वाटेत येतो आणि दिवाण लावला तर टीव्ही वाटेत लावावा लागतो. यावर घरोघर काढलेला तोडगा म्हणजे दिवाण भिंतीला आणि टीव्ही वाटेवर, त्यामुळे घरातले प्रत्येक माणूस पाणी प्यायला उठले की क्रिकेटचा एक चेंडू सर्वांचा चुकतो, आणि गडी नेमका त्याच चेंडूवर बाद होतो.

दिवाणाचे पोट हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. गाद्या उचलून फळी वर केली की थरांमागून थर दिसतात. वर पाहुण्यांच्या चादरी आणि उशा. त्याखाली गोधड्या. त्याखाली लग्नात आलेले, अजून खोक्यातच असलेले लेमन सेट. गणपतीच्या सजावटीच्या माळा. मिक्सरचा खोका, कारण वॉरंटी. वॉरंटी संपून दहा वर्षे झाली आणि मिक्सरही नाही. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत दस्त: खरेदीखत, विजेची जुनी बिले, घरपट्टीच्या पावत्या, विम्याचे कागद आणि वाड्याच्या दाव्यातल्या तडजोडीची प्रमाणित प्रत. म्हणजे हिशेबाची वही हा जो शब्दाचा पहिला अर्थ, तो सुमारे चौदा शतकांनी या खाटेच्या तळाशी येऊन बसला आहे. भाषेत एवढी निष्ठा क्वचित आढळते. कागद हवा असला की मात्र फळी वर करावी लागते, आणि फळीवर बहुधा माणूस झोपलेले असते.

ते माणूस म्हणजे आजोबा किंवा आजी. दिवाणाच्या सर्व अर्थांत हा अर्थ सर्वांत नवा आहे आणि कोणत्याही कोशात तो दिलेला नाही. मास्टर बेडरूम मुलाची आणि सुनेची, दुसरी खोली नातवंडांच्या अभ्यासाची, आणि हॉलमध्ये रात्री दिवाण. आजोबांचा दिवस साडेपाचला सुरू होतो आणि त्यांना साडेनऊला झोप येते. पण साडेनऊला मालिका असते, साडेदहाला बातम्यांच्या नावाखाली भांडणे, पाहुणे असले तर साडेअकरा. ते गेल्याशिवाय दिवाण मोकळा होत नाही, कारण पाहुणे त्यावरच बसलेले असतात. म्हातारा माणूस खुर्चीत डुलक्या घेतो आणि कोणी विचारले तर ‘मी जागाच आहे’ असे खोटे सांगतो. सकाळी साडेपाचला दूधवाला बेल वाजवतो, म्हणजे दिवाण रिकामा करण्याची वेळ झाली. कपडे बदलायला आडोसा नाही, औषधांना फळी नाही, खोकला आला तर तो सर्वांच्या घरात येतो. चाळिशीत कर्ज काढून, सोने मोडून, ओव्हरटाइम करून ज्याने हे घर उभे केले, त्याच्या वाट्याला त्यातले अठरा चौरस फूट येतात, तेही रात्री बारा ते साडेपाच. माणसाने वाड्याच्या ओसरीवर पडून राहण्यात काय कमीपणा होता, हे कोणा वास्तुविशारदाने सांगावे. घराच्या नकाशावर गाडीची जागा आखलेली असते, कुंड्यांची असते, शोभेच्या पाण्याच्या धबधब्याची असते, कुत्री फिरवायला हिरवळ असते. ज्येष्ठ नागरिकांसाठी खाली बागेत बाक असतो आणि माहितीपत्रकात त्याला सुविधा म्हणतात. बाकावर झोपता येत नाही, रखवालदार उठवतो.

शासनाने मात्र या व्यवहारात एक प्रामाणिक शब्द वापरला आहे. घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेला शासकीय मराठीत चटई क्षेत्र म्हणतात. गालिचा नाही, जाजम नाही, चटई. जिना, लिफ्ट, गच्ची आणि बांधकाम व्यावसायिकाची कल्पनाशक्ती यांचे मोजमाप घराच्या मापात मिसळून विकण्याची रीत फार वर्षे चालली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्रावरच व्यवहार करणे बंधनकारक केले. तेव्हापासून आकडे लहान झाले आणि विशेषणे मोठी झाली, कारण विशेषणांचे चौरस फूट मोजण्याची तरतूद त्या कायद्यात नाही.

नमुना सदनिका पाहायला जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिथल्या खोल्यांना पुष्कळदा दरवाजे बसवलेले नसतात, त्यामुळे ते किती जागा खातात ते कळत नाही. मांडलेले सामान मुद्दाम आखूड बनवलेले असू शकते. दिवाण तर ठेवलेलाच नसतो. म्हणून जाताना मोजपट्टी न्यावी आणि आजोबांनाही न्यावे. विक्री प्रतिनिधीने राजेशाही दिवाणखाना दाखवला की आजोबांनी कुठे झोपायचे ते विचारावे, आणि उत्तर नकाशावर लिहून घ्यावे.