बांगड्याला निवृत्ती: आमिषाकडून जिगकडे वळणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

पात्रता

मालवण, देवगड, रत्नागिरी किंवा मुरूडहून होडी ठरवून समुद्रात गरवायला जाणारा, आणि बांगड्याचे तुकडे, माकूल किंवा कोळंबी गळाला लावून आजवर बऱ्यापैकी मासे मिळवणारा कोणीही सज्ञान इसम या परिवर्तनास पात्र आहे. मासे मिळत असणे ही अट महत्त्वाची. ज्याला आमिषावरही मासे मिळत नाहीत, त्याने जिगकडे, म्हणजे धातूच्या खोट्या माशाकडे, वळू नये. त्याला फरकच कळणार नाही.

आमिष का सोडले असे कोणी विचारल्यास ‘हाताचा वास जात नाही’ हे कारण देऊ नये. ‘शिंगाळ्यांचा कंटाळा आला’ असे सांगावे. त्यात भारदस्तपणा आहे, शिवाय ते खरेही आहे. मेलेल्या बांगड्याचा वास प्रवाहाबरोबर तळाशी पसरतो आणि वासाच्या मागावर फिरणारी मंडळी, म्हणजे शिंगाळे, वागळ्या आणि लहान मोऱ्या, सर्वांत आधी हजर होतात. धातूच्या जिगला वास नसतो. त्यावर झेप घेतो तो डोळ्यांनी आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने हालचाल टिपून शिकार करणारा मासा: सुरमई, कुपा, तांबोशी, गोबरा. थोडक्यात, आमिष काढले की नको असलेले मासे येणे बंद होते. सुरुवातीच्या काळात हवे असलेलेही बंद होतात.

पायरी १: परंपरेचा अभ्यास

कोणतीही साधना गुरूंच्या स्मरणाने सुरू करावी. लाउरी रापाला हा फिनलंडमधला गरीब मच्छीमार. तळ्यात गरवता गरवता त्याच्या लक्षात आले की, मोठा मासा लहान माशांच्या थव्यात शिरतो तेव्हा तो हटकून वाकडा पोहणारा मासाच उचलतो. १९३६ मध्ये त्याने बुचाचा तुकडा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला आणि पाण्यात लंगडत चालणारा खोटा मासा, म्हणजे ल्यूर, तयार केला. पुढे १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक हातोहात गेला आणि फिनलंडच्या त्या कारखान्यावर मागण्यांचा पाऊस पडला.

जिगच्या बाबतीत गुरुस्थान जपानकडे जाते. नोरिहिरो सातो या जपानी मच्छीमाराने ‘स्लो पिच’ नावाची पद्धत रुजवली. जिगला जोरजोराने हिसके देण्याऐवजी हळूच उचलायचे आणि पडू द्यायचे, म्हणजे भूक नसलेला, सुस्तावलेला मासाही समोर पडणाऱ्या घासाला नाही म्हणत नाही, हे त्याचे तत्त्व.

या चरित्रांतून शिष्याने एवढेच घ्यावे: गुरूंनी मासा बघून ल्यूर बनवला. आपण ल्यूर बघून मासा ठरवतो.

पायरी २: खरेदी

दुकानात प्रथम नजर जाते ती रंगाकडे. गुलाबी, केशरी, अंधारात चमकणारे पट्टे. येथे विज्ञान जाणून घ्यावे. पाण्यात शिरल्यावर सूर्यप्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो. दहा वाव खाली तुमचा लालभडक जिग माशाला काळपट करडा दिसतो. लाल रंग ज्याला भुलवण्यासाठी असतो, तो काउंटरच्या अलीकडे उभा असतो.

खरे महत्त्व वजनाला आणि आकाराला. कोकणासमोरचा समुद्र लांबवर उथळ आहे. मुंबईसमोर तर खंडमंचाची रुंदी सुमारे ३०० किलोमीटर भरते. त्यामुळे पंधरा-वीस वाव पाण्यात ६० ते १५० ग्रॅमचा जिग बहुतेक दिवशी पुरतो. तरीही प्रत्येक नवशिक्याच्या पेटीत ४०० ग्रॅमचा एक जिग निघतोच. त्याने पाहिलेल्या व्हिडिओतला मनुष्य दोनशे मीटर खोलीवर गरवत असतो. ‘हा कशाला?’ असे विचारल्यास ‘आंग्रिया बँकेसाठी’ असे उत्तर द्यावे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे हे बुडालेले पठारवजा खडप विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे, तेव्हा खात्री करायला कोणी जात नाही. त्याचा माथा काही ठिकाणी पाण्याखाली अवघ्या २० मीटरवर आहे, हे आपणही सांगू नये.

आकाराचे दोन मुख्य प्रकार. शेपटीकडे वजन असलेला जिग सरळ आणि वेगाने खाली जातो. तो प्रवाह जोरात असताना वापरावा. मधोमध वजन असलेला, पसरट जिग आडवा होऊन डुलत डुलत पडतो. तो स्लो पिचसाठी.

आता दोरी. नेहमीचा तंगूस ताण पडला की लांबतो, त्यामुळे वीस वाव खाली जिगला काय झाले ते हाताला उशिरा कळते. विणलेली ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणली जात नाही. त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती बारीक असल्याने प्रवाहही तिला कमी ओढतो. तिच्या टोकाला खडपावर घासून सहज न तुटणारा फ्लोरोकार्बनचा लीडर जोडावा लागतो. तो ज्या गाठीने जोडतात तिला एफजी म्हणतात. ती घरी बसून शिकावी. हलत्या होडीत, ओल्या हातांनी, होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या नजरेसमोर ती कोणालाही येत नाही. गळ जिगच्या खालच्या नव्हे, वरच्या टोकाला दोरीच्या तुकड्यावर लोंबता ठेवावा. शिकारी मासा बरेचदा डोक्याच्या बाजूनेच तोंड घालतो, आणि खाली गळ नसला की खडपात अडकण्याचे प्रमाणही घटते. सुरमईची अपेक्षा असेल तर गळाजवळ तारेचा छोटा तुकडा हवा. तिचे दात फ्लोरोकार्बनचा मुलाहिजा ठेवत नाहीत.

घरी किंमत सांगताना शेवटचे शून्य वाटेत गळून पडते. त्यास इलाज नाही.

पायरी ३: तांडेलाची समजूत

हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत कठीण भाग. तांडेल जिग हातात घेतो, उलटासुलटा करतो आणि विचारतो, “ह्या लोखंडाक मासो कित्याक तोंड लावतलो?”

यावर रापाला, सातो, पार्श्वरेषा यांपैकी काहीही काढू नये. फक्त एक विनंती करावी: “तांडेलानू, नांगर घालू नका.” आमिषाने गरवताना होडी नांगरून वासाची वाट बघतात. जिगसाठी ती खडपाच्या वरच्या अंगाला नेऊन इंजिन बंद करतात, प्रवाहाबरोबर खडपावरून वाहू देतात, आणि पुढे गेली की पुन्हा मागे आणतात. या येरझाऱ्यांचे डिझेल कोणाचे, हे जेट्टी सोडण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

दिवस निवडताना मात्र तांडेलाचेच ऐकावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ इतकी असते की दोरी तिरपी पळते आणि जिग तळाला पोहोचतच नाही. भांगाच्या दिवसांत ओढ मंदावते, दोरी उभी राहते. पाऊस सरल्यावर पाणी निवळले की जिगचे दिवस सुरू होतात, कारण गढूळ पाण्यात डोळ्यांनी शिकार करणारा मासा आणि तुम्ही, दोघेही अंदाजाने चाललेले असता.

तेवढ्यात तांडेल होडीच्या मागच्या टोकाला स्वतःची गरी सोडतो. तिला बांगडा लावलेला असतो. त्या दिशेला पाहू नये.

पायरी ४: प्रत्यक्ष कृती

जिग सोडावा. दोरी सैल पडली की तळ आला. क्षणाचाही विलंब न लावता दोन-तीन वेढे वर घ्यावा, नाहीतर खडप तो ठेवून घेते. आता कुपासारख्या वेगवान माशांसाठी रॉडचा हिसका आणि रिळाचा वेढा एका तालात, धाप लागेपर्यंत. गोबरा-तांबोशीसाठी रॉड सावकाश उचलावा, पाव वेढा घ्यावा आणि जिगला पडू द्यावे. मासा बहुतेक वेळा जिग पडत असतानाच घेतो. म्हणून ‘काहीच करत नाही’ असे वाटते तो क्षण खरा कामाचा. हे कार्यालयात मुरलेल्या साधकांना लवकर जमते.

येथे परिवर्तनाचा गाभा समजून घ्यावा. पूर्वी बांगडा मेलेला असायचा आणि तरीही सगळे काम तोच करायचा. तुम्ही डबा उघडून घावणे खात बसायचात. आता तुम्ही धडधाकट आहात आणि मरायला टेकलेल्या माशाचा अभिनय तुम्हाला करायचा आहे, तोही तासन् तास, वीस वाव दोरीच्या पलीकडून. प्रेक्षक जाणकार असून टाळ्या वाजवत नाही.

खांदा भरून आल्यास ट्रोलिंग करावे. बुडी मारणारे ल्यूर मागे सोडून होडी पाच ते सात नॉट वेगाने चालवतात. सुरमईला हे मानवते. अभिनय इंजिन करते, घावणे पुन्हा तुमच्या वाट्याला येतात.

मासा लागल्यावर पहिले काही वाव निर्णायक. गोबरा खडपातल्या बिळात शिरला की संपले. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ताण पडल्यावर दोरी सुटू द्यायची ती मर्यादा, दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या-तिसऱ्या हिश्श्यावर आधीच लावून ठेवावा. तुमचा आरडाओरडा कमी करण्यासाठी तो उपयोगी नाही.

पायरी ५: जिग अडकल्यास

रॉड वाकतो, दोरी घट्ट होते आणि पलीकडून काहीच हलत नाही. याला ‘मोठा गोबरा’ म्हणण्याची प्रथा आहे. होडी वाहत जाऊनही गोबरा जागचा हलला नाही, तर ते खडप समजावे. ब्रेडेड दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नये, ती कातडी कापते. लाकडाच्या दांडक्याला वेढे देऊन ओढावे. दोरी तुटल्यावर मौन पाळावे. जिगची मूळ किंमत, शून्यासह, याच वेळी तोंडातून निसटण्याचा संभव असतो.

पायरी ६: मासा मिळाल्यास

हा प्रसंग अपवादात्मक असला तरी तयारी असावी. लहान मासा सोडून द्यावा. खोलातून वर आणलेल्या गोबऱ्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि तो पाण्यावर तरंगत राहतो. त्याला वजन लावून पुन्हा खाली पोहोचवावा लागतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत हे सारे सोपस्कार घरीच, एफजी गाठ बांधत करावेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्याचा गाभा आहे. तिथे ना आमिष, ना जिग.

शंकासमाधान

प्रश्न: जिगच्या गळाला बांगड्याचा बारीक तुकडा लावला तर?
उत्तर: माशाची हरकत नसते. फोटोपूर्वी तुकडा काढून टाकावा.

प्रश्न: तांडेलाला बांगड्यावर चार मासे आणि मला शून्य. मग फायदा काय?
उत्तर: तुलना वेगळ्या खेळांची होत नाही. तरीही तांडेल देऊ करील तो मासा नाकारू नये.

प्रश्न: परिवर्तन पूर्ण झाले हे कसे ओळखावे?
उत्तर: आमिषवाला रिकाम्या हाताने परतला की ‘आज समुद्रात मासाच नव्हता’ म्हणतो आणि निवांत झोपतो. जिगवाला म्हणतो, ‘मासा होता, माझाच ताल चुकला. जिग थोडा जड हवा होता, रॉड थोडा नरम.’ असे वाक्य ज्या दिवशी आपणहून तोंडातून निघेल, त्या दिवशी समजावे की साधना फळाला आली. समुद्राला दोष दिला तर काहीच विकत घेता येत नाही. स्वतःला दिला तर दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असते.