आडनाव लावलेला कर्नल

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स चढवल्यापासून उजेड वाढवायचं बटण दाबलं की स्क्रीन अंधारायची आणि कमी करायचं दाबलं की लख्ख व्हायची. ‘मालकावर गेलाय,’ एवढं बोलून बायको मोकळी झाली.

दुसऱ्या कुणी बटणं उलटी दाबायची सवय लावून घेतली असती. पण लिनक्सवाल्याला दुखणं बरं होण्यापेक्षा त्याच्या निदानात जास्त रस. खणत गेल्यावर कळलं, की इंटेलच्या ग्राफिक्सचा जो आय-९१५ नावाचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आहे, त्यात तऱ्हेवाईक लॅपटॉपांची चक्क यादीच ठेवलेली आहे. एसरचं अस्पायर ५७३४झेड त्यात केव्हापासून आहे: याचा उजेड उलटा, सांभाळून घ्या. यादीत लॅपटॉप ओळखायला नुसते आकडे असतात. आधी चिपचा. मग लॅपटॉप बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा. माझ्या मॉडेलसाठीही कुणीतरी अशी ओळ घालणारा पॅच लिहून ठेवलेला सापडला. ती ओळ घालायची आणि कर्नलचं पॅकेज नव्याने बांधायचं. एका ओळीपायी अख्खा कर्नल! रात्रभर पंखा घोंघावत होता.

ओळ घालताना मी प्रत्येक स्पेस डोळ्यांत तेल घालून तपासली. त्याला कारण बम्बलबी, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दोन ग्राफिक्स चिपा असलेल्या लॅपटॉपांसाठी एनव्हिडियाने ऑप्टिमस काढलं. लिनक्सवर ते धड चालेना, म्हणून हौशी मंडळींनी बम्बलबी लिहिलं. २०११ साली त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक फोल्डर पुसायची आज्ञा होती. फोल्डरचा पत्ता ‘/यूएसआर’ने सुरू होत होता आणि नेमकी त्याच्यापुढे एक स्पेस पडली. मशीनने एका पत्त्याचे दोन पत्ते वाचले आणि पहिला, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्राम जिथे राहतात तो अख्खा यूएसआर, पुसून टाकला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुरुस्ती काय? एक स्पेस खोडली. ती बघायला लोक लोटले आणि खाली शेरे मारून गेले. मला मात्र स्पेसबारवरचा तो अंगठा आठवत राहतो. एक पैसा न घेता दुसऱ्यांची मशीनं सुधारायला बसलेला अंगठा होता तो.

असो. कर्नल बांधताना त्याच्या आवृत्तीला हवं ते शेपूट जोडता येतं. मी आडनाव जोडलं. ‘युनेम -आर’ अशी आज्ञा दिली की आवृत्तीच्या आकड्यांमागे डॅश आणि त्यामागे मी! ओळ दुसऱ्याची, कर्नल १९९१पासून हजारोंनी लिहिलेला, पाटी माझी. पाहुणे आले की चहा होईपर्यंत मी ही आज्ञा देऊन दाखवायचो. भाच्याने विचारलं, “मामा, म्हणजे लिनक्स तू बनवलंस?” ‘नाही’ म्हणायला मी अंमळ वेळ घेतला.

मग सुरक्षेसाठी नवा कर्नल आला. तो घेतला की मशीन त्याच्यावरच सुरू होणार आणि माझी पाटी मेनूच्या तळाला जाणार. उजेड पुन्हा उलटेल याची मला फिकीर नव्हती. आडनाव जाईल याची होती.

त्याच सुमारास पॅचचा वरचा मजकूर नीट वाचला. ‘साइन्ड-ऑफ-बाय’पुढे लिहिणाऱ्याचं नाव होतं. खाली ‘टेस्टेड-बाय’ची एकही ओळ नव्हती. बाजारातून कधीच गेलेल्या मॉडेलचे आकडे जमवून कुणीतरी ओळ लिहिली, आणि ‘माझ्याकडे चालला’ असं त्याला कुणीच कळवलं नाही. बटण कुठल्या बाजूला चालतं हे लॅपटॉप विकणाऱ्यांनी पाहिलं नाही, याचा राग येतोच. पॅच वापरून मुकाट बसणाऱ्यांचा जास्त येतो.

मी चाचणीचा निकाल कळवून टाकला. ‘टेस्टेड-बाय’पुढे आडनावाबरोबर नावही लागतं, हे अर्थात आधी बघून ठेवलं होतं.

तुमच्याकडे कुणाचा पॅच चालला, तर तुम्हीही कळवा. मॉडेल, कर्नलची आवृत्ती आणि ‘चालला’ एवढं पुरतं. आवृत्तीतलं आडनाव तेवढं आधी काढा.