ज्या नंबरवरून फोन लागत नाही, त्याच नंबरवरून फोन करा

आदरणीय ग्राहकसेवा ताई,

परवा ऐन पावसात देवरुखजवळच्या आमच्या गावी आईच्या मोबाइलची रेंज गेली. मी पुण्याहून तुम्हाला फोन केला. तुम्ही अत्यंत गोड आवाजात सांगितलंत, की ज्या नंबरची तक्रार आहे त्याच नंबरवरून फोन करा. म्हणजे जो फोन लागत नाही, त्यावरून फोन लावून, फोन लागत नाही असं कळवायचं. हा नियम ज्यांच्या डोक्यातून निघाला त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

बऱ्याच विनवण्यांनंतर शेजारच्या पोराच्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या, फोनवरून आईशी बोलायला तुम्ही तयार झालात. तेव्हा पडवीत गॅसवाला उभा होता. मोबाइलवर आलेला कोड सांगितल्याशिवाय त्याला सिलिंडर देता येत नाही, आणि कोड काही येत नव्हता. तुम्हाला मात्र घाई नव्हती. ‘मॅडम, व्होल्टी ऑन आहे का? प्रेफर्ड नेटवर्क टाइप काय आहे? एपीएन रीसेट केलंत का?’ आईने पोराकडे बघून विचारलं, ‘ही काय विचारत्ये रे?’

खरं तर यात समजायला अवघड काही नाही. 4जीमध्ये आवाजासाठी वेगळी वाट ठेवलेलीच नाही, तिथे सगळी ये-जा डेटाची. व्होल्टी चालू असेल तर बोलणंही डेटा होऊन जातं, नसेल तर कॉलपुरता फोन जुन्या 2जीवर उतरतो. एपीएन म्हणजे फोनला इंटरनेटपर्यंत पोचवणारं सेटिंग. आईला इंटरनेट नको होतं हो, गॅसचा मेसेज हवा होता!

मग तुम्ही विजयी सुरात विचारलंत, ‘पण मॅडम, दोन काड्या दिसतायत ना?’ दिसत होत्या. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे जो तो फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो, हे एक वेळ सोडा. टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो, एवढंच त्या काड्या सांगतात. फोनचा आवाज टॉवरला ऐकू जातो का, ते नाही सांगत. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून अधिक ताकदीने बोलतो, 4जी फोन फार तर पाव वॅटच्या आतबाहेर. देवळातल्या लाउडस्पीकरवरचं कीर्तन गावभर ऐकू येतं, म्हणून आपण घरातून मारलेली हाक बुवांना ऐकू जात नाही. डोंगरापलीकडच्या कुठल्या तरी टॉवरचं आईच्या फोनला जेमतेम ऐकू येत होतं, बस्स. मी तिला फोन लावला की तुमचीच बाई सांगायची, ही व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे. आई घरातच होती. कव्हरेज क्षेत्र बाहेर गेलं होतं.

जवळच्या टॉवरचं काय झालं, ते नाक्यावरच्या दुकानदाराने सांगितलं: ‘काल रात्रीपासून लाइट नाय. बॅटरी उतरली, जनरेटरचं डिझेल संपलंय.’

आणि तुम्ही? तुम्ही सत्तरी ओलांडलेल्या बाईला सिम काढायला लावलंत. तिने कानातल्याच्या फिरकीने ट्रे उचकटला, सिम पदराला पुसून परत घातलं. तोवर गॅसवाला सिलिंडर टेम्पोत चढवून निघून गेला. शेवटी तुमचा निकाल काय, तर ‘हँडसेटचा प्रॉब्लेम असू शकतो.’ डिझेल तुमचं संपलं आणि खोट तिच्या फोनमध्ये? लाज वाटायला हवी होती कुणाला तरी!

‘कुणाला तरी’ म्हटलं, कारण ती व्यक्ती तुम्ही नव्हे, ताई. टॉवर बंद असल्याचं तुम्हालाही कुणी सांगितलेलं नसणार. समोर प्रश्नांची यादी, कानाला हेडफोन, प्रत्येक कॉलला किती मिनिटं घेतलीत याचा हिशेब, आणि डोंगराळ मुलखातल्या वैतागलेल्या लोकांच्या शिव्या. टॉवर बंद पडल्याचं कंपनीला तिच्या यंत्रणेवर दिसतं. तुमच्या पडद्यावर मात्र व्होल्टी, एपीएन आणि ‘असुविधेबद्दल क्षमस्व’ एवढंच. तुमच्या साहेबांना विचारा, ‘तुमचा टॉवर बंद आहे, दुपारपर्यंत सुरू होईल’ एवढी एक ओळ तुम्हाला वाचायला द्यायला काय खर्च येतो? आईने तेवढं ऐकून मुकाट चूल पेटवली असती.

तक्रारीचं निवारण झाल्याचा तुमचा मेसेज मिळाला. तिसऱ्या दिवशी, लाइट आल्यावर. आईचा नंबर आम्ही दुसऱ्या कंपनीत नेतोय. त्यासाठी याच नंबरवरून 1900 वर पोर्टचा मेसेज पाठवावा लागतो. आज पुन्हा लाइट गेली आहे. रेंज आली की पाठवतो.

आपला (तूर्तास),
एक ग्राहक