मारिकाचे वारस आणि मुर्रीचा तलाठी

निवृत्त तलाठ्याला नवा मुलूख दाखवू नये. तो आधी शीव विचारतो, मग पाण्याची वाट, मग मालकाचं नाव. आणि एवढं होईस्तोवर दाखवणाऱ्याचा जोश ओसरलेला असतो. माझा भाचा नागपूरला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत तो मुर्रीला आला की त्याच्या लॅपटॉपमधून ड्रॅगन उडू लागतात आणि मी बाजूला खुर्ची टाकून बसतो. नोकरी सुटली तरी दुसऱ्याच्या जमिनीत डोकवायची सवय सुटत नाही.

या खेळांना ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. म्हणजे कुठूनही कुठंही जा, अडवणारं कोणी नाही. उभ्या नोकरीत मी असं एकही शिवार पाहिलं नाही. आमच्याकडे धुरा वीतभर सरकला तर काका-पुतणे दिवाणीत जातात. इथे मात्र खेळणारा खुशाल कोणाच्याही घरात शिरतो, मडकी फोडतो, पेटीतले पैसे घेतो, आणि घरमालक शेजारी उभा राहून त्याला डोंगरापलीकडच्या राक्षसाची माहिती देतो.

“मामाजी, तो एनपीसी आहे. त्याले तेवढंच बोलता येते.”

असे लोक मी चावडीवर पुष्कळ पाहिलेत. त्यांना कोणी एनपीसी म्हटलं नाही, सरपंचाचा माणूस म्हणत.

पहिल्यांदा पाहिला तो हायरूलचा मुलूख. निन्तेंदोच्या ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ 2017 साली आला. निन्तेंदोचं बिऱ्हाड क्योटोत. हायरूल केवढा असावा हे ठरवताना दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी क्योटोचाच नकाशा त्यावर ठेवून पाहिला. पायाखालच्या शहरात इथून तिथं जायला किती वेळ लागतो हे माणसाला ठाऊक असतं. त्यावरून खेळातली अंतरं धरली. मोजणीची ही रीत मला पटली. पुढचं तर फारच पटलं. त्या मंडळींनी सगळी जमीन त्रिकोणांनी बांधली. मोठा त्रिकोण म्हणजे डोंगर, लांबून खूण म्हणून दिसणारा. मधला त्रिकोण म्हणजे टेकडी, पलीकडचं लपवणारी. वरून जा नाहीतर वळसा घाला, पण पलीकडे काय आहे ही हुरहूर लागलीच पाहिजे. लहान त्रिकोण वाटेत पेरायचे, चाल एकसुरी होऊ नये म्हणून.

हा नियम मुर्रीला लावला तर खेळ तिथंच बसतो. गोंदिया शहराला चिकटलेलं आमचं गाव, जमीन ताटासारखी सपाट. बांधी, तिच्यापलीकडे बांधी, आणि क्षितिजावर राईस मिलचं धुराडं. लपवायला काही नाही, म्हणून इथं कोणाचंच काही लपत नाही. त्रिकोण हवेत तर सालेकशाकडे, दरेकशाच्या डोंगरांत जावं लागतं.

पण त्याच हायरूलमध्ये तांदूळ कसा मिळतो पाहा. उंच गवतात तलवार फिरवायची. गवत उडतं आणि त्यातून तांदूळ टपकन बाहेर पडतो. पऱ्हे नाहीत, चिखल नाही, रोवणीच्या बायांना आदल्या रात्री घरोघरी जाऊन विनवणं नाही, मळणी नाही, भरडाई नाही. कोंडा आणि कनकी कुठं जाते याचा तर मागमूस नाही. गोंदियाच्या माणसासमोर हे दाखवणं म्हणजे सरळ अपमान आहे. मी भाच्याला म्हटलं, “याचा सातबारा काढ. पीकपाण्यात काय लिहायचं? गवत?”

तो म्हणाला, “मामाजी, फॅन्टसी आहे ना.”

फॅन्टसीला माझा विरोध नाही. आपल्या पुराणांनी सात द्वीपं कल्पिली आणि त्यांच्याभोवती खाऱ्या पाण्यापासून उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध असे समुद्र ओतले. पण तिथंही दह्याचा समुद्र दुधाच्या शेजारीच ठेवलाय. एवढा हिशेब कल्पनेलाही लागतो.

हायरूलमध्ये अधूनमधून चंद्र तांबडा होतो. मग मारलेले सगळे राक्षस पुन्हा जिवंत होऊन आपापल्या जागी हजर. कथेत याचं कारण मोठं अघोरी आहे. भाच्यानं आतली गोष्ट सांगितली: यंत्राची स्मरणशक्ती भरत आली की हाच चंद्र अवेळीही उगवतो आणि सगळा पसारा पुसून टाकतो. हे ऐकून त्या बनवणाऱ्यांविषयी माझा आदर दुणावला. दप्तर भरलं म्हणून जुनं रद्द करायचं आणि जनतेला सांगायचं की आकाशात अशुभ योग आहे! एवढं सुचलं असतं तर मी तलाठी म्हणून निवृत्त झालो नसतो.

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेचा कारभार आणखी बेताल. तिच्यातला 1996 चा ‘डॅगरफॉल’ हा खेळ. त्यात गावं, किल्ले, तळघरं मिळून सुमारे 15,000 ठिकाणं. एवढी माणसाच्या हातानं होत नाहीत, बरीचशी यंत्रानं नियमानुसार पाडलेली. म्हणजे एका सजात 15,000 गावं आणि ओळखू येण्यासारखं एकही नाही. त्या खेळाचे शेवट अनेक, एकमेकांशी न जुळणारे: कुठं हा राजा जिंकतो, कुठं ती राणी. पुढचा खेळ काढताना प्रश्न पडला, खरं काय झालं? त्यांनी ठरवलं, सगळंच झालं. काळ तेवढ्यापुरता मोडला, आणि विरोधी दावे सगळेच एकदम खरे ठरले. या मोडण्याला त्यांच्याकडे ‘ड्रॅगन ब्रेक’ म्हणतात. एका गट नंबरवर सात जणांचे फेरफार एकाच दिवशी मंजूर केले आणि वर काळाकडे बोट दाखवलं. आमच्याकडे असं करणाऱ्याची विभागीय चौकशी लागते. तिकडे 2011 साली ‘स्कायरिम’ काढून जग जिंकतात.

त्यांची विश्वोत्पत्तीही सरकारी कामासारखीच. लॉर्खान नावाच्या देवानं बाकीच्या देवांना जग बांधायला गळ घातली. आराखडा मॅग्नसचा. काम अर्ध्यावर आलं तेव्हा मॅग्नसच्या लक्षात आलं की यात आपलीच शक्ती खर्ची पडतेय. तो आकाशाला भोक पाडून पळाला. ते भोक म्हणजे सूर्य. त्याच्या मागून पळालेल्यांची भोकं म्हणजे तारे. लॉर्खानला बाकीच्यांनी मारलं. दोन चंद्र म्हणजे त्याचं फुटलेलं कलेवर, असं काही जाणते म्हणतात. तेव्हापासून मी दुपारी छत्री उघडतो तेव्हा पळपुट्या इंजिनिअरची आठवण होते.

पण जिथं माझा अनुभव खऱ्या अर्थानं कामी आला तो मुलूख ‘एल्डन रिंग’चा. 2022 च्या फेब्रुवारीत आलेला हा खेळ जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. पायाची पुराणकथा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहून दिलेली. भाचा भारावून सांगत होता: विश्वाचा नियम, सोन्याचा महावृक्ष, तुटलेली व्यवस्था. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटलं, “बाबू, हे वाटणीचं प्रकरण आहे.”

आणि आहेच. मारिका ही मूळ खातेदार. तिनं पहिल्या नवऱ्याला देशाबाहेर घालवलं आणि दुसरा केला, राडागॉन. त्याची आधीची बायको होती, तिच्यापासून त्याला मुलं होती. तीन घरची लेकरं एका खात्यावर. मारिकाचा थोरला गॉडविन मारला गेला, तिनं विश्वाचा नियम धरून ठेवणारी एल्डन रिंगच फोडली, आणि एकेक तुकडा एकेका वारसाच्या हाती लागला. मग युद्ध. कोणी जिंकलं नाही, ताबा कोणालाच नाही, जमीन पडीक.

वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये, हे घालायला बसलो तर घाम फुटला. गॉडविनचा आत्मा मेला, शरीर जिवंत. त्याच वेळी राडागॉनच्या आधीच्या घरची लेक रानी हिनं स्वतःचं शरीर मारलं, आत्मा शाबूत ठेवला. दोघांत मिळून एक मरण. मृत्यूचा दाखला कोणाच्या नावानं द्यायचा? त्यात शेवटी कळतं की राडागॉन आणि मारिका ही एकच व्यक्ती. नवराही तीच, बायकोही तीच. दोन सह्या, एक अंगठा. मंडळ अधिकाऱ्यानं ही नोंद प्रमाणित करण्याऐवजी बदली मागितली असती.

मौज अशी की हे सगळं खेळात कोणी सरळ सांगत नाही. तलवारीच्या वर्णनात दोन ओळी, एखाद्या अंगठीखाली एक, कुठल्या म्हातारीच्या बडबडीत अर्धी. भाचा उड्या मारून शत्रू पाडायचा आणि त्या ओळी न वाचताच पुढं पळायचा. मी त्याला थांबवून वाचायला लावायचो. जुन्या दप्तरातला माणूस असाच सापडतो: एक फेरफार, एक पोटहिस्सा, समासातला एक शेरा. अशाच एका ओळीत मला राडान भेटला. प्रचंड योद्धा, पण आपला हडकुळा घोडा सोडवेना, म्हणून गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला. त्याच विद्येनं पुढं आकाशातले तारे रोखून धरले. सगळ्या खात्यात हा एकच वारस मला आवडला.

आणि इथंच माझी तक्रार सुरू होते. या सगळ्या विश्वांत जग करणारा जगात राहत नाही. कोणी पळतो, कोणी मारला जातो, कोणी स्वतःच मोडून ठेवतो. निस्तरायला मागं आपण, तेही तलवार घेऊन. आमच्या जिल्ह्यात रीत वेगळी आहे.

दरेकशाजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथं देशभरातून गोंड बांधव येतात. शिळेआड कोंडलेली लेकरं, जंगो रायताडची माया, हिरासुका पाटालीरच्या वाद्याचा नाद, शिळा सरली तेव्हा तिच्याखाली गेलेला तो वादक, आणि सुटलेल्या लेकरांना धर्माची वाट दाखवणारा पारी कुपार लिंगो. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. पण गोष्ट गुहेत संपत नाही. कुळाकुळाला जपायचं झाड, जपायचा प्राणी, जपायचा पक्षी नेमून दिलेला आहे. म्हणजे पुराणकथेनं घरी येऊन काम लावलं.

दुसरं उदाहरण नवेगावबांधचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमध्ये बांध घालून तो अफाट तलाव केला. भोवती सात टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात; तिथं त्रिकोणांची कमतरता नाही. त्यातल्या एका टेकडीवर कोलू पाटलाचंच ठाणं आहे, कोलासूर देव म्हणून. आराखडा त्याचा, पाळ त्याची, आणि देव झाल्यावरही तो तिथंच बसला, पाण्यावर नजर ठेवून. मॅग्नसनं हे पाहायला हवं होतं. तलावाचं पाणी कोणी, किती, कोणत्या वाटेनं घ्यायचं हे आमच्याकडे निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवण्याची पद्धत. हे दोन कागद असले की मुलूख उभा राहतो. चंद्र किती आहेत ते नंतर पाहता येईल.

हे मी इतक्यांदा बोललो की भाच्यानं आता कॉलेजचा प्रकल्प म्हणून गोंदियाचाच ओपन वर्ल्ड करायला घेतलाय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 साली ‘राजी’ काढला, मग आपण का नाही, हा त्याचा मुद्दा. त्याच्या नकाशात धानाच्या बांधी आल्या, बांधीत सारसाची जोडी आली, तांदूळ आता गवतातून पडत नाही. रोवणीची बटणं दाबून त्याच्या मित्रांची बोटं दुखतात, आणि ते योग्यच आहे.

परवा त्यानं विचारलं, “मामाजी, खेळणाऱ्यानं खजिन्यासाठी तलावाची पाळ फोडली तर? राक्षस पाठवू?”

राक्षस कशाला? खालच्या प्रत्येक बांधीचा मालक एकेक करून येईल, आपलं पूर्ण नाव सांगेल, गट नंबर सांगेल, किती नुकसान झालं ते सांगेल, आजोबांच्या काळापासून सांगेल. ग्रामसभा. आणि ती स्किप करता येणार नाही.