‘फॉल थ्रू’ वापरण्याची शास्त्रोक्त पद्धत

इंग्लंडमध्ये घर घ्यायला निघालेल्या मराठी माणसाने गृहकर्जाआधी ‘फॉल थ्रू’ हे क्रियापद पदरात पाडून घ्यावे. जवळजवळ ठरलेले काम तडीस जाण्याआधीच फिसकटले, की ते वापरतात. विधी पुढीलप्रमाणे :

१. कर्ता निवडा. सौदा, बेत, सहल, नोकरीची बोलणी यांपैकी काहीही चालेल. माणूस चालत नाही.

२. कर्म शोधू नका. क्रियापद अकर्मक आहे. सौदा आपोआप ‘फॉल थ्रू’ होतो, तो कुणी करत नाही. त्यामुळे दोष कुणाचा, हा प्रश्न व्याकरणातच निकालात निघतो. दोष द्यायचाच असेल, तर ‘पुल आउट’ वापरा. शिष्टाचार असा : समोरच्याने अंग काढून घेतले, तर ‘ही पुल्ड आउट’, आपण काढले, तर ‘इट फेल थ्रू’.

३. मुहूर्त साधा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मालकाने तुमची किंमत मान्य केली, तरी ते सारे ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे करार होईपर्यंत कच्चे. १९८९ च्या कायद्यानुसार घरविक्रीचा करार लेखी आणि सहीनिशीच लागतो. दोन्हीकडच्या सॉलिसिटरांनी करारांची अदलाबदल केली आणि सहसा १० टक्के अनामत भरली, की मगच दोघे बांधले जातात. तोवर कुणीही खुशाल माघार घ्यावी. स्कॉटलंडमध्ये हे बंधन बरेच आधी पडते, म्हणून तिथे सरावाला वाव कमी.

४. कारण तयार ठेवा. मालकाला जास्त पैसे देणारा भेटला, तर ‘गझम्पिंग’. गिऱ्हाइकाने ऐन अदलाबदलीच्या तोंडावर किंमत पाडून मागितली, तर ‘गझंडरिंग’. सर्व्हेत भिंतीला ओल निघाली, तर उत्तमच. सर्वांत निर्दोष कारण म्हणजे ‘चेन’ : तुमचा विक्रेता दुसऱ्याचे घर घेतोय, तो दुसरा तिसऱ्याचे. टोकाच्या अनोळखी गृहस्थाचे कर्ज नामंजूर झाले, की चार घरांत बांधलेली खोकी पुन्हा उघडतात.

५. काळ सांभाळा. भूतकाळी ‘फेल’, पूर्णकाळी ‘फॉलन’. एजंटची ई-मेल नमुना म्हणून जपून ठेवा : ‘अनफॉर्च्युनेटली, द सेल हॅज फॉलन थ्रू.’ सुरुवातीला खेद आणि शेवटी पूर्णविराम. मध्ये माणूस औषधालाही नाही.

६. बिल भरा. सर्व्हेची फी बुडालीच, सॉलिसिटरही झालेल्या कामाचे पैसे सहसा सोडत नाही. त्याच्या पत्रातले क्रियापद मात्र सकर्मक असते, आणि कर्त्याच्या जागी तुमचे संपूर्ण नाव, पत्त्यासह.