टर्कीच्या शिकारीत गप्प कसे बसावे

अमेरिकेच्या रानातला टर्की हा ठावठिकाणा लागू न देणारा पक्षी आहे, याचा पहिला पुरावा भाषेतच मिळतो. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवला. तुर्कांनी ‘हिंदी’ म्हणून तो आपल्या गळ्यात मारला, फ्रेंचांचाही संशय हिंदुस्थानावरच, डचांनी थेट कालिकतचं नाव जोडलं आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. पाच भाषांना मिळून ज्याचं गाव सापडलं नाही, तो एप्रिलच्या पहाटे मिसूरीतल्या ओकच्या रानात कुठल्या झाडामागं उभा आहे हे एकट्या माणसाला सापडावं, ही अपेक्षाच मोठी. तरी दर वसंतात लाखो शिकारी ती बाळगतात, आणि रिकाम्या हातानं परतले की पक्ष्याच्या धूर्तपणाचे पोवाडे गातात. प्रस्तुत मार्गदर्शनाचं प्रतिपादन वेगळं आहे: पक्षी धूर्त नाही, शिकारी उतावळा आहे.

नियम पहिला: आपण वधूपक्ष आहोत, हे विसरू नये. वसंतातली शिकार म्हणजे ऐन लग्नसराईतली शिकार. नर उजाडायच्या आत, रात्री ज्या फांदीवर झोपला तिथूनच, घशातून गडगडाट करतो आणि माद्या तो ऐकून त्याच्याकडे चालत जातात. या समाजात वरपक्ष जागचा हलत नाही. पिसारा उभारून, पंखांची टोकं वाळक्या पाल्यावर खरखर घासत, लाल-पांढरं-निळं डोकं मिरवत तो मानपान घेत उभा असतो. शिकारी काय करतो? झाडाला पाठ टेकून मादीचा आवाज काढतो आणि नवरदेवानं पायी यावं म्हणतो! नर पन्नास-साठ यार्डांवर येऊन थबकतो, ही त्याची चलाखी नव्हे. ‘एवढा मी आलो, आता तू ये’ हा सरळ रिवाज आहे. पण छर्ऱ्यांच्या बंदुकीचा भरवशाचा टप्पा साधारण चाळीस यार्डांना संपतो. टर्कीच्या बुद्धिमत्तेच्या बहुतेक दंतकथा मधल्या त्या वीस यार्डांत जन्मल्या आहेत.

नियम दुसरा: हाक मारून झाली की गप्प बसावे. याला साधनसामग्री आडवी येते. झाकण घासून वाजवायचा लाकडी खोका, काडीनं घासायची पाटी, टाळूला चिकटवायची रबरी पडद्याची चकती, हे सगळं पैसे मोजून घेतलेलं असतं आणि पैसे मोजलेली वस्तू खिशात गप्प राहत नाही. मग गृहस्थ तिन्ही वाद्यांची मैफल मांडतो. खरी मादी दोन-चार हाका देते आणि किडे टिपायला लागते. ‘पण त्यानं मला उत्तर दिलं!’ असा आक्षेप येईल. वसंतातला नर घुबडाला उत्तर देतो, कावळ्याला देतो, ढगांच्या गडगडाटाला आणि मोटारीचं दार आपटलं तर त्यालाही देतो. त्याच्या उत्तराला आपल्या गायकीची दाद समजू नये. त्याला एकदा ऐकू गेलं की जागा पक्की कळलेली असते. हाका चालू राहिल्या तर बाई येतेच आहे म्हणून तो थांबतो. थांबल्या, तर कधी कधी चौकशीला निघतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं आपण म्हणतो. इथं नवरा निवांत असतो, उतावळेपण गुडघ्यावर बंदूक टेकवून बसलेल्याचं. तो साडेआठला कंटाळून न्याहारीला जातो. पुढं माद्या एकेक करून अंड्यांकडे पांगतात, नर एकटा पडतो आणि सकाळी ऐकलेली ती हाक त्याला आठवते. तेव्हा झाडाखाली कुणी नसतं.

नियम तिसरा: अंगावर लाल, पांढरे किंवा निळे काही नको, आणि पक्ष्याच्या आवाजाच्या दिशेने दबकत जाऊ नये. यात विनोद नाही. तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो, आणि त्याला तुमचा रुमाल टर्कीचं डोकं वाटू शकतो.

आता मोठा आक्षेप. पक्षी इतका साधा, तर विसाव्या शतकात रानं पुन्हा भरायला पाळीव पैदाशीचे टर्की सोडले ते का टिकले नाहीत? आक्षेप रास्त आहे. ती पिल्लं आईविना वाढलेली होती, त्यामुळे कशाला भ्यायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पुढं रानटी पक्षीच जाळ्यात धरून दुसऱ्या रानांत नेले, तेव्हा संख्या लाखांवर गेली. म्हणजे टर्कीला अक्कल आहे, पण ती एकाच विषयातली: हलणारी वस्तू वाईट. नाक यथातथाच, डोळा मात्र पक्का. गालावरचा डास हाकलायला उचललेला हात त्याला दिसतो. आणि मग तो निघून जातो, चर्चा न करता. त्या एका विषयात माणूस दरवर्षी नापास होतो, कारण तासभर न हलता बसायला त्याला कुणीच शिकवलेलं नाही.

मग हा खटाटोप कशाला, दुकानात टर्की मिळतोच की? मिळतो. पण दुकानात पहाट मिळत नाही. काळोखात अचानक पहिली गडगड उठते, दुसऱ्या टेकडीवरून तिला जाब येतो, हळूहळू झाडांचे बुंधे दिसू लागतात. बसलेल्याला एवढं तरी हमखास मिळतं. म्हणून आमचा निकाल हा, की न मारता परतणाऱ्याचीही शिकार झाली असं धरावं. मात्र तो बसलेला असावा.

नियम शेवटचा: कंटाळून उठण्यापूर्वी, मान न हलवता, डोळ्यांच्या कडेने आधी मागे पाहावे. मोठा नर पुष्कळदा आवाज न करताच येतो, आणि येतो तो पाठीमागूनच.