माणसांचा फड

बागलाणात आज शेतकऱ्याला कोणी विचारत नाही, की यंदा रानात काय लावलंस. कांदा लाव, डाळिंब लाव, सगळं उपटून शेवगा लाव. रान तुझं, खर्च तुझा, नशीबही तुझंच. त्याच शेतकऱ्याची पोरगी कुणाशी लग्न करणार, हे ठरवायला मात्र अख्खी भाऊबंदकी चहाला येऊन बसते. हा हिशोब उलटा आहे, आणि तो उलटा कधी झाला हे सटाण्याच्या आसपासच्या नद्या सांगतात.

आराम आणि मोसम या आमच्या नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांच्यावर काही शतकं फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, आणि एका फडात एकच पीक. या फडात ऊस, त्या फडात भुसार, पुढं पालट. कोणत्या फडात काय घ्यायचं ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या पिकाची राखण करणार. मधेच उठून कोणी म्हणाला, मला माझ्या तुकड्यात वेगळं काही घ्यायचंय, तर ते चालायचं नाही. पाणी कमी आलं तर झळ सगळ्यांना बसायची.

ही सक्तीच होती, आणि मी तिच्या बाजूचा आहे. पाणी एकट्याचं नसतं. वरच्यानं पाट फोडला तर खालच्याचं पीक जळतं. तिथं चार माणसांनी येऊन ‘तुझी पाळी संपली, दार बंद कर’ म्हणणं हा समाजाचा हक्कच आहे.

मग विहिरी वाढल्या, मोटारी आल्या, बोअर खोल गेले. बहुतेक फड मोडले. आज शेजाऱ्याच्या बोअरनं माझी विहीर आटली तर बैठक बसत नाही. ‘त्याच्या रानात त्यानं बोअर मारला, आपण काय बोलणार?’ असं म्हणून माणसं गप्प बसतात. पोरीनं जातीबाहेरचं नाव घेतलं, की दिवस मावळायच्या आत बैठक बसते. जिथं एकमेकांना विचारायला हवं होतं तिथं विचारणं सोडलं. जिथं विचारायचं काहीच कारण नाही, तिथं फड घट्ट धरून ठेवला. पिकं मोकळी झाली आणि माणसं फडात गेली. एका फडात एकच पीक, एकाच वाणाचं.

गेल्या वर्षी अशाच एका बैठकीला मी होतो. घर माझ्या जवळच्या माणसाचं, त्यांना आम्ही नाना म्हणतो. पोरगी सव्वीस वर्षांची, नाशिकला नोकरी करणारी. सोबत शिकलेल्या मुलाशी लग्न करायचं म्हणत होती. ओसरीवर चौदा माणसं. चहावर साय धरली तरी कप कोणी उचलेना. मुलगा काय करतो, व्यसन आहे का, स्वभावानं कसा, यातलं एकही विचारलं गेलं नाही. त्याचं नावसुद्धा नाही. आडनाव तेवढं विचारलं, आणि ते ऐकून सगळे जमिनीकडे बघत बसले. शेवटी एक चुलते म्हणाले, “लोके काय म्हनतीन?”

पोरगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं चुलत्यांकडे पाहिलंच नाही. बापाकडे बघून म्हणाली, “नाना, तुम्ही शेवगा लाया तवय कोनले इचारं व्हतं?”

या वाक्याचं वजन त्या ओसरीवर सगळ्यांना कळलं. नानांच्या डाळिंबावर तेल्या आला होता. दोन हंगाम औषधं मारून ते थकले, आणि एके दिवशी सगळी बाग उपटून त्यांनी शेवगा लावला. तेव्हा याच भाऊबंदांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. नानांनी कुणाचं ऐकलं नाही, आणि ते ही गोष्ट आजही छाती पुढं काढून सांगतात. एकट्याच्या मतावर उभं राहणं पोरगी दुसरीकडे कुठं शिकली नव्हती, त्याच रानात शिकली होती. नाना काही बोलले नाहीत. हातातल्या टॉवेलचा कोपरा पिळत राहिले.

कायदा या बाबतीत लेचापेचा नाही. दोन सज्ञान माणसांनी ठरवलं, की घराच्या, जातीच्या किंवा कुळाच्या संमतीची गरज उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. २०१३ साली नाशकात आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानंच जीव घेतला. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः तिच्यात उतरले. त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळानं केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तरीही २०२३ मध्ये आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या सायखेडा ग्रामपंचायतीनं ठराव केला, की प्रेमविवाहाच्या नोंदणीला आईबापांची संमती हवी. ग्रामपंचायतीनं नळाच्या पाण्याचा ठराव करावा, गटारीचा करावा, गायरानाचा करावा. सज्ञान पोरीचं मन हे गायरान नव्हे.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: एकट्यानं उठून मनाचं करायचं, ही आपली रीत नाही. सटाण्यात उभं राहून हे बोलणाऱ्याला मी आरामकाठच्या मंदिराकडे बोट दाखवतो.

तिथं आम्ही ज्याला पुजतो, तो एका सरकारी खुर्चीवरचा माणूस होता. यशवंतराव भोसेकर, बागलाणचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडला आणि एक लाख सत्तावीस हजार रुपये उपाशी माणसांना वाटले. दुष्काळात अधिकाऱ्यानं काय करावं, याची संहिता तेव्हा नव्हती. सरकारचा दुष्काळ आयोग १८८० चा, संहिता १८८३ ची. त्यांच्या हातात होता एक खजिना, दारात भुकेली माणसं, आणि विचारायला कोणी नाही. नोकरी गेली असती, तुरुंगही झाला असता. माणसानं एकट्यानं घेतलेला यापेक्षा मोठा निर्णय या गावानं पाहिलेला नाही.

पुढची कथा गावात पोरासोरांना पाठ आहे: वरून तपासणी आली आणि खजिन्यात रक्कम पुरेपूर भरली. कुणाच्या श्रद्धेला मला हात लावायचा नाही. पण मला त्या पुरेपूर खजिन्यापेक्षा तो उघडण्याच्या आदली रात्र मोठी वाटते. किल्ली हातात घेऊन तो गृहस्थ कसा बसला असेल? घरात काय बोलला असेल? चमत्कार सांगताना ती रात्र आपण गाळून टाकतो. देवानं खजिना भरला म्हटलं, की मामलेदारानं तो रिकामा करायचं धैर्य दाखवलं हे सांगायची गरजच उरत नाही. आपण त्यांना देव केलं ते प्रेमानं केलं, पण त्यामुळं त्यांच्यासारखं वागायची जबाबदारीही देवावर जाऊन पडली. नाशकात गोदेच्या काठी त्यांच्या नावाचं पटांगण आहे. हजारो माणसं तिथं जमतात, आणि त्यातल्या कितींना ठाऊक असतं, की ते नाव एका एकट्या माणसाचं आहे?

नानांच्या लेकीनं विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली. त्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावतात. म्हणजे इथंही चार माणसांनी येऊन वाचायची सोय आहेच, आणि ती मला मान्य नाही. काही भाऊबंद मुद्दाम जाऊन वाचूनही आले. हरकत घ्यायला कायद्यात जागा नव्हती. लग्न झालं. नाना गेले नाहीत. आई गेली, एकटी, सकाळच्या एसटीनं.

मार्गशीर्षात वद्य एकादशीला याच मामलेदारांची यात्रा भरेल. पहाटेची पूजा होईल, रथ निघेल. पोरीचा फोन आला होता, दोघं दर्शनाला येताहेत. नाना मला म्हणाले, “यात्रेच्या गर्दीत भेटून घेऊ, कोणाच्या नजरेत यायचं नाही.” मी म्हटलं, नाना, गर्दीत नको. घरी बोलवा, ओसरीवर बसवा, आणि जावयाला नाव विचारा.